पहिल्या डावाच्या आघाडीबाईंस, अंबडहून

श्रीमती पहिल्या डावाच्या आघाडीबाई यांस,
मुक्काम : रणजी करंडकाचा गुणतक्ता

सा. न. वि. वि.

आपली ओळख नाही. असण्याचं कारणही नाही, कारण अंबडला तुमचं येणं-जाणं नाही. आमच्याकडे मत्स्योदरी देवीच्या टेकडीच्या आसपास जे क्रिकेट चालतं ते टेनिस बॉलचं, मोजक्या षटकांचं. सामना बरोबरीत सुटला तर आधी भांडण होतं, मग सुपर ओव्हर होते. मधेच कोणी उठून "अर्ध्या सामन्यापर्यंत हे पुढे होते, सबब चषक यांना" असं म्हणत नाही. म्हणणाऱ्याला त्याच गावात राहायचं असतं.

तरीही तुमच्या कर्तृत्वाचा आमचा अभ्यास दांडगा आहे. मोसंबीच्या भावानंतर इथल्या चहाच्या टपरीवर सर्वांत जास्त वेळ कशावर जात असेल तर तो हंगाम चालू असताना कोणता संघ खरा वरचा, यावर. आणि तो वाद फिरून फिरून तुमच्यापाशीच येऊन बसतो. सामना निखळ जिंकला तर सहा गुण. डावाने किंवा दहा गडी राखून जिंकला तर सात. अनिर्णित राहिला तर तुमचा आशीर्वाद ज्याला त्याला तीन, दुसऱ्याला एक. चार दिवस उन्हात राबून वीस गडी बाद करणाऱ्याला जे मिळतं त्याच्या निम्मं तुम्ही दहा गडी बाद करणाऱ्याला घरपोच देता. एवढी दानशूर बाई आमच्या पंचक्रोशीत दुसरी नाही.

पण साखळीतलं तुमचं औदार्य एक वेळ चालून जाईल. बाद फेरीत सामना अनिर्णित राहिला की अख्खा निकालच तुम्ही लावता, त्याबद्दल हे पत्र आहे.

2024-25 चा हंगाम आठवा. जम्मू-काश्मीरने साखळीत मुंबईला तिच्याच घरी, बीकेसीच्या मैदानावर, पाच गडी राखून हरवलं. त्या मुंबईच्या संघात रोहित शर्माही होता. गट अ मध्ये 35 गुणांसह जम्मू-काश्मीर पहिलं, 29 गुणांसह मुंबई दुसरी. मग फेब्रुवारीत पुण्याला उपांत्यपूर्व सामना, केरळविरुद्ध. जम्मू-काश्मीर 280. दुसऱ्या दिवसअखेर केरळ 9 बाद 200. शेवटची जोडी मैदानात: सलमान निझार आणि बासिल थंपी. ऐंशी धावा मागे, हातात एक गडी. कोणीही शहाण्या माणसाने त्या रात्री पैज लावली नसती. तिसऱ्या दिवशी सकाळी या जोडीने ती भागीदारी 81 वर नेली आणि केरळ 281 ला थांबलं. एक धाव! त्या एका धावेच्या जोरावर केरळने शेवटचा अख्खा दिवस खेळपट्टीवर नांगर टाकला, 6 बाद 295 वर सामना अनिर्णित केला आणि उपांत्य फेरी गाठली. जम्मू-काश्मीर न हरता घरी गेलं.

निझारच्या शतकाला आणि शेवटच्या दिवसाच्या त्या चिवटपणाला सलाम, त्यात वाद नाही. नियम असा असेल तर असंच खेळायचं. वाद तुमच्याशी आहे.

तुम्ही तिथेच थांबला असतात तर योगायोग म्हणून सोडून दिलं असतं. पण पुढचा मुक्काम अहमदाबाद. केरळ 457. गुजरात त्याच्या अगदी जवळ पोचलेलं, शेवटचा गडी नागवासवाला खेळतोय, गोलंदाज आपल्या नागपूरचा, त्या हंगामात केरळकडून खेळणारा आदित्य सरवटे. नागवासवालाने जोरात फटका मारला. चेंडू शॉर्ट लेगला उभ्या असलेल्या त्याच निझारच्या हेल्मेटवर आदळला, उंच उडाला आणि स्लिपमध्ये कर्णधार सचिन बेबीच्या हातात येऊन पडला. गुजरात 455. दोन धावांची आघाडी, तीही हेल्मेटच्या कृपेने, आणि केरळ पहिल्यांदाच अंतिम फेरीत! बाई, आमच्याकडे यात्रेतल्या सोडतीलासुद्धा एवढा थरार नसतो. पण सोडतीला आम्ही सोडतच म्हणतो, गुणवत्ता म्हणत नाही.

अंतिम सामना जामठ्याला, नागपूरला. विदर्भ 379, केरळ 342. सदतीस धावांवर तुमची मोहोर उमटली आणि नंतरचा खेळ म्हणजे वऱ्हाडी जेवून गेल्यावरचा मांडव. विदर्भाने दुसऱ्या डावात 9 बाद 375 पर्यंत फलंदाजी केली, करुण नायरने 135 काढले, 2 मार्च 2025 ला सामना अनिर्णित, करंडक विदर्भाकडे. विदर्भ त्याला पात्र होता हे मी अंबडहून, म्हणजे मराठवाड्याचा असूनही, मोकळेपणाने कबूल करतो: साखळीतले सातपैकी सहा सामने त्यांनी निखळ जिंकले होते, उपांत्य फेरीत मुंबईला 80 धावांनी हरवलं होतं. जो संघ सगळा हंगाम वीस गडी बाद करत आला त्याच्याच हाती करंडक शेवटी तुमच्या शिफारसपत्रावर द्यावा लागला, हे त्या संघालाही शोभलं नाही.

आता तुम्ही म्हणाल, मग काय हवंय? जाणत्या माणसांची समिती नेमायची का?

नको हो. तो प्रयोग अमेरिकेत चालू आहे. तिथे कॉलेजांच्या फुटबॉलला (आपला नव्हे, हेल्मेट घालून हातात चेंडू धरून धावण्याचा) आपल्या आयपीएलने हेवा करावा अशी गर्दी असते. संघ शंभराच्या वर, आणि साखळीत प्रत्येकाच्या वाट्याला साधारण डझनभर सामने. सगळे सगळ्यांशी खेळू शकत नाहीत, म्हणून 1936 पासून पत्रकार दर आठवड्याला मतदान करून क्रमवारी लावतात, आणि 2014 पासून अंतिम फेऱ्यांसाठी तेरा जणांची समिती टेक्सासमधल्या एका हॉटेलात बसून कोण आत, कोण बाहेर हे ठरवते. 2023 मध्ये फ्लोरिडा स्टेटने तेराच्या तेरा सामने जिंकले. पण त्यांचा मुख्य खेळाडू, क्वार्टरबॅक, नोव्हेंबरमध्ये जायबंदी झाला होता. समितीने विचार केला की आता हा संघ पूर्वीसारखा वाटत नाही. तेरा विजयांना पाचवं स्थान, एक सामना हरलेल्या अलाबामाला चौथं. तेव्हा पुढे खेळायचे चारच. तेरा सामने जिंकणाऱ्याला तेरा माणसांनी घरी बसवलं!

आपल्याकडे अशी समिती असती तर काय झालं असतं ते सांगतो. मुंबईच्या नावावर 42 रणजी करंडक आहेत. समितीच्या यादीत मुंबई दरवर्षी पहिली, आणि बैठक संपून चहा यायच्या आत. 2013-14 मध्ये महाराष्ट्राचा संघ क गटात होता, म्हणजे सगळ्यांत खालच्या. असल्या संघाकडे कोणत्या जाणत्याने पाहिलं असतं? गुणतक्त्याने पाहिलं. क गटातून वर येऊन महाराष्ट्र जानेवारी 2014 मध्ये वानखेडेवर मुंबईसमोर उभा राहिला. पहिल्या डावात मुंबई 402, महाराष्ट्र 280. आघाडी 122 ची, म्हणजे तुम्ही आपला निकाल लिहून टाकलेला होता. मग मुंबईचा दुसरा डाव 129 ला आटोपला, आणि केदार जाधव आणि आमच्या जालन्याचा विजय झोल यांनी नाबाद राहून आठ गडी राखून सामना खिशात टाकला. तोच झोल, ज्याने एकोणीस वर्षांखालच्या कूचबिहार करंडकात आसामविरुद्ध नाबाद 451 केले होते. महाराष्ट्र त्या वर्षी अंतिम फेरीपर्यंत गेला. त्या दिवशी मुंबईचा दुसरा डाव थोडा लांबला असता, चार सत्रं खेळून काढली असती, तर तुम्ही 122 धावांचा हिशेब दाखवून आम्हाला दादर स्टेशनवर सोडलं असतं.

म्हणून सांगणं एवढंच. गुणतक्ता राहू द्या, तो माणसांच्या मतांपेक्षा कधीही बरा. पण त्यात तुमचं मानधन तीनवरून दोनवर आणा आणि निखळ विजयाचे सहाचे आठ करा. कर्णधार दुसऱ्या दिवशीच डाव घोषित करायला लागतील. बाद फेरी अनिर्णित राहिली तर साखळीतल्या गुणांवर निकाल लावा. गट वेगळे, प्रतिस्पर्धी वेगळे, मग गुणांची तुलना कशी, हा आक्षेप मला मान्य आहे. पण सात सामन्यांचा वाकडा हिशेब एका धावेच्या किंवा एका हेल्मेटच्या हिशेबापेक्षा सरळच म्हणायचा.

कळावे, लोभ असावा.

आपला,
अंबडचा एक गुणतक्ता-वाचक

ता. क. : 2024 मध्ये क्रिकेट मंडळाने सी. के. नायडू करंडकासाठी पहिल्या डावातल्या फलंदाजीला आणि गोलंदाजीलाही वेगळे गुण देण्याची योजना जाहीर केली. म्हणजे तुमच्या एकटीच्या मिरासदारीबद्दलची शंका अंबडच्या टपरीपुरती राहिलेली नाही.