पारोळ्याचे दहा रुपये

खिशात पैसे असूनही माणूस कंगाल असू शकतो, हे मला जळगावात केळीच्या गाडीपुढे कळले. डझनभर केळी घेतली आणि पाचशेची नोट पुढे केली. लग्नात आहेर म्हणून आलेल्या भिंतीवरच्या सहाव्या घड्याळाकडे पाहावे, तसे गाडीवाल्याने तिच्याकडे पाहिले.

"सुटे नाही भाऊ. स्कॅन करून टाका ना."

"माझा नंबर जर्मनीचा आहे."

"मग काय झालं? केळी तर जळगावचीच आहे!"

यावर उत्तर नव्हते. केळी परत गाडीवर गेली.

मी वीस वर्षे श्टुटगार्टला राहतो. बाहेर लोकांना वाटते, तिकडे सगळे यंत्रावर चालत असेल. प्रत्यक्षात आमच्या कोपऱ्यावरच्या बेकरीत आजही 'फक्त रोख' अशी पाटी आहे. अशा देशातून येताना मी नोटा घेऊन आलो, यात माझे काय चुकले? त्यात ड्रॉवरमध्ये जपलेली दोन हजारांची एक गुलाबी नोटही होती. 2023 च्या मे महिन्यात रिझर्व्ह बँकेने ती चलनातून मागे घेतल्याचे मला ठाऊक होते. पण गाडीवाल्याच्या पोराला दाखवली, तर त्याने तिच्यासोबत सेल्फी काढला. माझ्यासोबत नाही काढला.

यूपीआय 2016 साली आले. मी त्याआधीच गेलेलो. पण माझे जळगावात जुने खाते होते, म्हणून ॲप उतरवून घेतले. हे ॲप फोनमधल्या सिमवरून आपले आपण एसएमएस पाठवते आणि बँकेत नोंदवलेला नंबर तोच आहे का, ते ताडून पाहते. बँकेत माझा नोंदवलेला नंबर 0257 ने सुरू होत होता. म्हणजे वडिलांचा लँडलाइन, ज्यावर आई क्रोशाचा रुमाल घालून ठेवायची.

शाखेत गेलो. "नंबर बदलायला किती दिवस लागतील?"

"तुम्ही परत कधी जाताय?"

"पंधरा दिवसांनी."

"त्यानंतर होईल."

घरी आल्यावर वाचले की, 2023 मध्ये दहा देशांतल्या मोबाइल नंबरांना एनआरई-एनआरओ खात्यांवरून यूपीआयची मुभा मिळाली. यादीत ओमान होते, कतार होते, सिंगापूर होते. जर्मनी नव्हता. परदेशी पाहुण्यांसाठी 'यूपीआय वन वर्ल्ड' नावाचे पाकीटही त्याच वर्षी, जी-20 च्या निमित्ताने निघाले होते. पासपोर्ट-व्हिसा दाखवायचा, पैसे भरायचे, की स्कॅन करायला मोकळे. पण आपल्याच घरी जाताना पाहुण्यांच्या रांगेत कोण उभे राहणार? हा ताठा मला पुढे फार महाग पडला.

उपाय बहिणीने काढला. बारावीतला भाचा माझ्यासोबत हिंडायचा. मी त्याला नोटा द्यायच्या, त्याने स्कॅन करायचे. तीस रुपयांच्या कचोरीला तो माझ्याकडून पन्नास घ्यायचा, "मामा, वरचे सर्व्हिसचे." चार दिवस तो मला मामा म्हणत होता आणि बनवतही होता.

पाचव्या दिवशी त्याचा क्लास होता आणि मला धुळ्याला आत्याकडे जायचे होते. एसटीचे तिकीट त्याने फोनवर काढून दिले (सर्व्हिसचे वेगळे) आणि मी एकटाच निघालो. एरंडोल मागे पडले. पारोळ्याला गाडी थांबली, तसा चहाला उतरलो. अर्धा पेला संपला आणि लक्षात आले की, खिशात सगळ्या पाचशेच्याच आहेत.

"सुट्टा नही भो," चहावाला म्हणाला. तेवढ्यात त्याच्या डबीतून एक बाई शुद्ध मराठीत बोलल्या, "दहा रुपये प्राप्त झाले." ते दुसऱ्याच कुणाचे होते. ड्रायव्हरने हॉर्न दिला. मी नोट पुढे धरून उभा.

"कोठला तू?"

"जळगावचा."

"मंग जाय. मंग देजो."

जळगावचा म्हटल्यावर ना आधार मागितला, ना ओटीपी. धुळ्यापर्यंत मी तोऱ्यात बसलो होतो.

तो तोरा रिक्षावाल्याने उतरवला. धुळ्यातल्या गल्ल्यांना नंबर आहेत, त्यामुळे घर लगेच सापडले. सुटे मात्र सापडेनात. शेवटी आत्या बाहेर आली. वय अठ्ठ्याहत्तर, गळ्यात स्वतः शिवलेल्या पिशवीत फोन. तिने आधी साठाचे पन्नास केले, मग स्कॅन केले आणि मला म्हणाली, "एवढा शिकून गेला रे तू!"

दुसऱ्या दिवशी राजवाडे संशोधन मंडळ पाहायला गेलो. इतिहासाचार्य वि. का. राजवाडे गावोगाव हिंडून जुने कागद गोळा करत. 1926 च्या शेवटच्या दिवशी ते धुळ्यातच गेले आणि पुढच्याच वर्षी त्यांच्या नावाने हे मंडळ निघाले. इथे जीर्ण कागदाचा कपटाही जीव लावून जपतात. बाहेर आलो आणि रसवाल्यापुढे माझा करकरीत कागद धरला. त्याने तो उन्हात धरून पाहिला आणि परत दिला.

निघताना आत्याच्या पाया पडलो. "नंबर सांग, खाऊचे पाठवते," ती म्हणाली. मला पैसे देता येत नव्हते, हे तिने पाहिले होते. घेताही येत नाहीत, हे सांगताना मान खाली गेली. आत्या काही न बोलता आत गेली. तांदळाच्या डब्यात कोपरापर्यंत हात घालून तिने एक पुरचुंडी काढली. आत दहा-दहाच्या, वीस-वीसच्या नोटा! अख्ख्या खानदेशात नसलेले सुटे पैसे आत्याच्या डब्यात होते.

परतीची गाडी पारोळ्याला थांबली नाही.

तेव्हा परदेशातून गावी येणाऱ्यांना सांगणे एवढेच: बँकेतला नंबर आधी बदलून घ्या, पाहुण्यांचे पाकीट घ्यायला लाजू नका आणि दहाच्या नोटा सोबत ठेवा. आणि तुमच्यापैकी कुणी पारोळ्याला उतरलेच, तर स्टँडवरच्या चहावाल्याला माझे दहा रुपये देऊन टाका. भेटलात की परत करीन. रोख.