न भिजवलेली उसळ

उसळ ही आदल्या रात्री ठरवायची गोष्ट आहे. मटकी, वाल, छोले, राजमा, कुणीही असो, सकाळी उठून "चल, आज होतो" असं कधी म्हणत नाही. त्याला रात्रभर पाण्यात लोळायचं असतं, मग फडक्यात बांधून घ्यायचं असतं, आणि वालाचं बिरडं असेल तर ते सोलायला घरात एक रिकामटेकडा माणूस लागतो. आमच्या घरी तो मी होतो. त्यामुळे नोकरीसाठी इंग्लंडात आल्यावर दुकानात शिजलेल्या राजम्याचे डबे भिंतभर रचलेले पाहून मला झालेला आनंद मी आईला फोनवर सांगितला नाही. "छोले भिजत घातलेस का रे?" हा प्रश्न ज्याच्या रात्रीतून गेला, तो माणूस स्वतंत्र झाला असं माझं मत आहे.

मग आई इकडे राहायला आली आणि तिने ओट्याखालचं कपाट उघडलं.

"हे कधी शिजवलंय?"

"कारखान्यात."

"कधी, असं विचारलं मी."

डब्यावर संपायची तारीख असते, शिजल्याची नसते. तिने चष्मा लावून ती वाचली. दोन वर्षं पुढची होती. "बरंय," म्हणाली, "माझ्या तेराव्याला चालेल."

मी समजावायला बसलो. दाणे डब्यात भरतात, पाणी आणि बहुधा मीठ घालतात, झाकण कायमचं बसवतात आणि मग तो बंद डबाच दाबाखालच्या वाफेत सुमारे १२१ अंश सेल्सिअसला तापवतात. शिजणं आणि जंतू मरणं, दोन्ही आतल्या आत. म्हणजे कुकरच की, आई!

"शिट्ट्या किती?"

याला उत्तर नव्हतं.

आई निवृत्त शिक्षिका, म्हणून मी विषय इतिहासाकडे वळवला. सैन्यासाठी अन्न टिकवायची युक्ती शोधणाऱ्या निकोला आपेरला फ्रेंच सरकारने १८१० साली १२,००० फ्रँक दिले. तो काचेच्या बरण्या वापरायचा. त्याच वर्षी लंडनमध्ये पीटर ड्युरँडने पत्र्याच्या डब्याचं पेटंट घेतलं आणि १८१३ पर्यंत बर्मंडसीत कारखाना सुरू झाला. डबा उघडायचं हत्यार मात्र यायला १८५५ उजाडलं. तोवर लोक छिन्नी आणि हातोडी घेऊन जेवायला बसत. आमच्या गावी आधी डांबर पडतं आणि मग पाइपलाइनसाठी खणतात, त्यामुळे आईला यात काहीच वावगं वाटलं नाही.

राजम्याच्या बाबतीत मात्र मी जिंकणारच होतो. कच्च्या लाल राजम्यात फायटोहिमॅग्लुटिनिन नावाचं विष असतं. भिजवून, ते पाणी टाकून, खळखळून उकळलं तरच ते जातं. चार-पाच कच्चे दाणेही उलट्या काढायला पुरतात. मंद आचेच्या विजेच्या भांड्यात तो दिवसभर नुसता कोमट होत राहिला तर विष जात नाही, उलट वाढूही शकतं. डब्यातला राजमा पूर्ण शिजलेला असतो, त्याला ही भानगडच नाही.

"म्हणजे आम्ही इतकी वर्षं तुम्हाला विष घालत होतो?"

"कुकरमध्ये नाही गं. त्यात ते मरतं."

"मग झालं तर." सामना परत कुकरनेच जिंकला.

बेक्ड बीन्सशी मात्र तिचं जमलं. हे पांढरे बारीक दाणे उत्तर अमेरिकेत पिकतात. १८८६ साली ते लंडनच्या फोर्टनम अँड मेसन या बड्या दुकानात चैनीची वस्तू म्हणून मिळत. आता तेच दाणे टोमॅटोच्या गोडसर रसात न्हाऊन टोस्टवर चढतात आणि सगळा देश न्याहारीला खातो. आईने एक चमचा चाखला, काही बोलली नाही, आणि कढलं ठेवलं. मोहरी तडतडली, हिंग पडला, गोडा मसाला पडला, घराचा धूरसूचक भोंगा कोकलला. एका हाताने त्या भोंग्याला टॉवेलने वारा घालत मी खाल्लं. टोस्टवर नको, पोळीशी खा, एवढंच सांगेन.

इथले सरकारी डॉक्टर रोज फळंभाज्यांचे पाच वाटे खायला सांगतात. त्यात ८० ग्रॅम कडधान्य हा एक वाटा. पण दिवसभरात कितीही कडधान्य खाल्लं तरी वाटा एकच धरायचा. प्रथिनं आणि चोथा भरपूर असला तरी बाकीची जीवनसत्त्वं भाज्या-फळांतूनच यायला हवीत, असा हिशेब. आई म्हणाली, "हे अगदी एकादशीसारखं कडक आहे."

घोटाळा झाला तो सवलतीच्या फळीवर. तिथे चेपलेले डबे अर्ध्या किमतीत असतात आणि आईचा हात तिथेच जातो. "डबा चेपलाय, आतले दाणे चेपलेत का?" पोटावर हलकासा पोचा चालतो, पण शिवणीवर चेपलेला, गंजून पाझरणारा किंवा फुगलेला डबा चाखूनसुद्धा बघायचा नाही. आत बोट्युलिनमचे जंतू वाढलेले असू शकतात आणि त्यांचं विष जिवावर बेततं. हे मी भर दुकानात मराठीतून सांगितलं. बाकीचं गिऱ्हाईक जरा लांब सरकलं.

उरलेल्या दाण्यांच्या बाबतीत तिचंच खरं होतं. ते उघड्या डब्यात ठेवायचे नाहीत, दुसऱ्या झाकणाच्या भांड्यात काढून फ्रिजमध्ये ठेवायचे आणि तीन-चार दिवसांत संपवायचे. स्टीलचा डबा ती पुण्याहून घेऊनच आली होती. रिकामे डबे धुऊन खिडकीत गेले आणि त्यांत मेथी उगवली.

शेवटचं भांडण पाण्यावरून झालं. मी छोले चाळणीत ओतून नळाखाली धुतो, त्याने मीठ साधारण ४० टक्क्यांनी उतरतं आणि पोटातला वायूही जरा शांत राहतो. आईने माझा हात धरला. "कट फेकतोस?" मी सांगून पाहिलं की २०१४ मध्ये एका फ्रेंच माणसाला या पाण्याचा अंड्याच्या पांढऱ्यासारखा फेस होतो असा शोध लागला, हवं तर आपण केक करू. तिला केक नको होता. तिने ते पाणी पातेल्यात घेतलं, चिंच-गूळ घातला, कटाची आमटी उकळायला ठेवली. "आई, त्यात मीठ आहे आधीच," मी म्हटलं.

"मला नको शिकवूस," म्हणत तिने मुठीने मीठ टाकलं.