मल्टिपल स्क्लेरोसिस यांस, मुदतीबाबत

मा. मल्टिपल स्क्लेरोसिस, मुक्काम मेंदू व मज्जारज्जू, यांस,

स. न. वि. वि. आपण माणसांना अधू करता ही आमची तक्रार नाही. तक्रार आपल्या बेशिस्तीची आहे. अमेरिकेच्या माजी सैनिक खात्याने आपल्याला केवढे झुकते माप दिले आहे! बहुतेक जुनाट आजारांना एका वर्षाची मुदत, आपल्याला ७ वर्षांची. सैनिक सेवामुक्त झाल्यापासून या ७ वर्षांत आपण निदान १० टक्के अपंगत्वाइतके प्रकट झालात, की आपण सैन्यसेवेतच आलात असे गृहीत धरले जाते. तरी आपण एका डोळ्याची नजर महिनाभर अंधूक करता आणि परत देता. पायांना मुंग्या आणून पसार होता. उन्हात थकवा एवढा वाढवता की लोक त्या माणसाला कामचुकार ठरवतात. मग नवव्या वर्षी एमआरआय होतो, आपले नाव कागदावर येते आणि खाते सैनिकाचा भरपाईचा दावा फेटाळून मोकळे होते.

वास्तविक नियमात निदानाची तारीख मागितलेलीच नाही, प्रकट होण्याची मागितली आहे. म्हणजे पाचव्या वर्षी नेत्रतज्ज्ञाने दिलेली चिठ्ठी, पत्नीचे लेखी निवेदन आणि ती जुनी लक्षणे आपलीच असण्याची शक्यता निम्मी तरी आहे, असे सांगणारे न्यूरॉलॉजिस्टचे मत, एवढ्यावर अपील उभे राहू शकते. पुरावा दोन्ही बाजूंनी तुल्यबळ असेल तर संशयाचा फायदा सैनिकाला द्यावा, असे कायदाच सांगतो. निदानाच्या तारखेपासून उलटी मोजणी करणारा अधिकारी आपण कधी आलात हे मोजत नाही. डॉक्टरांना आपण कधी सापडलात, ते मोजतो. मात्र अपीलकर्त्यानेही वाट नीट निवडायला हवी. २०१९ पासून तीन वाटा आहेत : नवा पुरावा देऊन पुरवणी दावा, वरिष्ठांकडून फेरतपासणी किंवा अपील मंडळ. फेरतपासणीत नवा कागद चालत नाही. ती चिठ्ठी उशिरा सापडली आणि घाईत हीच वाट धरली, तर चिठ्ठी खिशातच राहते.

कोणी म्हणेल, पैसा जनतेचा आहे, कुठेतरी रेघ ओढावीच लागते. मान्य. मुदत टळली तरी सेवेशी थेट संबंध सिद्ध करायला मोकळीक आहे, हेही खरे. पण आपले कारणच वैद्यकशास्त्राला नेमके ठाऊक नसताना सैनिकाने ते कसे सिद्ध करायचे? आपल्या नात्यातल्या एएलएस या मज्जासंस्थेच्या आजाराचे पाहा. २००६ मध्ये तज्ज्ञांच्या समितीला सैन्यसेवेशी त्याचा संबंध सुचवणारा, पण मर्यादितच पुरावा दिसला. तेवढ्यावर २००८ मध्ये खात्याने ९० दिवसांची सलग सेवा पुरेशी मानली आणि मुदत ठेवलीच नाही. एएलएस झपाट्याने मारतो, म्हणून ती घाई योग्यच होती. सावकाश खचवणाऱ्यासाठी तेवढे औदार्य आम्ही मागत नाही. आहे तीच मुदत पहिल्या लक्षणापर्यंत मोजली जावी, एवढेच मागणे आहे.

तोवर आपल्याला विनंती : यापुढे सैनिकाच्या शरीरात शिरताना तारीख, वेळ व दोन साक्षीदारांच्या सह्यांसह आगमनाची लेखी पूर्वसूचना द्यावी. एक प्रत खात्याला, एक सैनिकाला.

कळावे,
आपला नाइलाजाने विश्वासू