तक्रारीचे तीन रकाने

कुरकुर करण्यात एक सुख आहे आणि त्या सुखाला पुरावा लागत नाही. "कॉम्प्युटर फार स्लो झालाय हो," एवढं म्हटलं की समोरचा मान डोलावतो आणि स्वतःचा त्याहून किती स्लो आहे ते सांगू लागतो. कोणता कॉम्प्युटर, कधीपासून, काय उघडल्यावर, असलं कोणी विचारत नाही. विचारलं तर गप्पांची सगळी गंमतच जाईल. लिनक्स या ऑपरेटिंग सिस्टिमवर आल्यापासून माझी ती गंमत गेली आहे.

आलो ते काही तत्त्वासाठी नव्हे. लॅपटॉप धडधाकट होता, पण वय उलटलं म्हणून आधीच्या सिस्टिमच्या नव्या आवृत्तीने त्याला दारातच उभं केलं. तेव्हा भाचा पेनड्राइव्ह घेऊन आला. "मामा, इन्स्टॉल नको करूस, नुसतं लाइव्ह चालवून बघ." पेनड्राइव्हवरूनच अख्खी सिस्टिम सुरू झाली. हार्ड डिस्कला हातही लागला नाही. पसंत पडली नाही तर बंद करायची आणि पेनड्राइव्ह काढून घ्यायचा, आपलं होतं ते जागच्या जागी. एवढी सोय असल्यावर माणूस एकावर थांबतो कशाला? आज ही बघू, उद्या ती बघू, असं सुरू होतं. लिनक्सच्या या वेगवेगळ्या अवतारांना डिस्ट्रो म्हणतात आणि एकावरून दुसऱ्यावर उड्या मारायच्या या व्यसनाला डिस्ट्रो हॉपिंग.

नुसती नावं बघत बसलं तरी वेळ जातो. डेबियन या डिस्ट्रोच्या आवृत्त्यांना 'टॉय स्टोरी' चित्रपटातल्या पात्रांची नावं देतात. ज्या शाखेत अजून कच्चं असलेलं सॉफ्टवेअर येऊन पडतं, तिचं नाव सिड, म्हणजे त्या चित्रपटातला खेळणी मोडणारा शेजारचा पोरगा. इतका प्रामाणिक इशारा मी दुसऱ्या कुठल्या मालावर वाचलेला नाही. उबुंटूवाले एक विशेषण आणि एक प्राणी घेतात, दोन्ही एकाच अक्षराचे. ८.०४ ची आवृत्ती हार्डी हेरॉन, म्हणजे चिवट बगळा. मिंटच्या आवृत्त्यांना अक्षरानुक्रमाने बायकांची नावं, जवळजवळ सगळी आकारान्त. २०.२ चं नाव तर चक्क उमा आणि तिच्यानंतरची उना. "मामा, उमाला काढून उनाला आणलीस का?" असं भाच्याने फोनच्या स्पीकरवर विचारलं, तेव्हा मला घरात थोडा खुलासा करावा लागला होता.

इतक्या तऱ्हा कशाला, हा प्रश्न गणेशोत्सव जवळून पाहिलेल्या माणसाला पडू नये. मूर्ती कुठल्या तोंडाला बसवायची यावरून मंडळात वाद होतो आणि पुढच्या वर्षी त्याच गल्लीत दोन मांडव पडतात. ग्नोम या डेस्कटॉपची तिसरी आवृत्ती २०११ साली आली. जुना मेन्यू गेला, खालची पट्टी गेली, खिडकी खाली बसवायचं बटणही गेलं. नाराजांनी दुसऱ्या आवृत्तीचा कोड उचलला आणि दक्षिण अमेरिकेतल्या एका पेयाचं नाव देऊन 'माते' काढलं. मिंटवाल्यांनी सिनॅमन मांडलं. त्याच्या आदल्याच वर्षी ओपनऑफिसमधून लिब्रेऑफिस वेगळं निघालं होतं. आपल्या मंडळांत आणि यांच्यात फरक इतकाच, की इथे फुटून जाणारा माणूस मूर्ती, मखर, भांडीकुंडी सगळ्याची हुबेहूब नक्कल राजरोस घेऊन जाऊ शकतो आणि तरी मूळ मंडळाचं काहीच कमी होत नाही.

खोलात गेलं तर या घराण्याचा मूळ पुरुषच तक्रारखोर निघतो. १९८० च्या सुमाराला एमआयटीच्या एका प्रयोगशाळेत नवा लेझर प्रिंटर आला. त्यात कागद अडकायचा. आधीच्या प्रिंटरच्या प्रोग्रॅममध्ये तिथल्या रिचर्ड स्टॉलमन यांनी स्वतःच भर घातली होती. कागद अडकला की छपाईची वाट बघणाऱ्यांच्या पडद्यावर तसा निरोप जाई, म्हणजे कोणीतरी उठून तो सोडवी. नव्या प्रिंटरचा कोड मात्र मिळेना. ज्याच्याकडे होता त्याने तो कोणाला न देण्याचं कबूल केलं होतं. ही चीड त्यांच्या मनात राहिली आणि १९८३ साली त्यांनी कोड सगळ्यांना मोकळा असेल अशा सिस्टिमचा ग्नू प्रकल्प जाहीर केला. पुढे २५ ऑगस्ट १९९१ ला हेलसिंकीतल्या लिनस टोरवाल्ड्स या २१ वर्षांच्या विद्यार्थ्याने मिनिक्स ही सिस्टिम वापरणाऱ्यांना कळवलं, की मी हौसेखातर एक सिस्टिम लिहितो आहे, तुम्हाला मिनिक्समधलं काय आवडतं आणि काय खटकतं ते सांगा. तीच सिस्टिम म्हणजे लिनक्स. एकाने कागद अडकला म्हणून डाव मांडला, तर दुसऱ्याने लोकांच्या तक्रारी मागवून.

तेव्हा मीही एक तक्रार केली. मराठी टायपिंगसाठी लिनक्सवर वेगळं काही आणावं लागत नाही, सेटिंगमध्ये इन्स्क्रिप्ट हा कळफलक निवडला की झालं. जेच्या कळीवर र असतो. शिफ्ट धरली की नुक्ता लागलेला ऱ मिळतो. तो ऱ, मग हलन्त, मग य असं दाबलं की 'ऱ्य' उमटायला हवा. मी हौसेने घेतलेल्या एका फॉन्टात तो उमटत नव्हता. ऱ अख्खाच राही, त्याच्या पायाशी हलन्त लोंबकळे आणि शेजारी य परक्यासारखा उभा. मी तो फॉन्ट सांभाळणाऱ्याला कळवलं, "मराठी नीट दिसत नाही." लगेच उलट प्रश्न आले. कुठल्या प्रोग्रॅममध्ये? फॉन्टची आवृत्ती कोणती? पडद्याचं चित्र आहे का? आणि पुढ्यात तीन रकाने आले: काय केलंत, काय व्हायला हवं होतं, काय झालं.

रकाने भरता भरता माझ्याच लक्षात आलं, की दुसरा फॉन्ट लावला की सगळं सुरळीत दिसतंय, म्हणजे बाकी कोणाचा दोष नाही. निम्मं निदान तिथेच झालं. मग परदेशातल्या त्या भल्या माणसाने विचारलं, साधा र वापरला तर जोडाक्षर छान जुळतंय, मग हा दुसरा र हवाच कशाला? मी लिहिलं, साध्या र ने 'आचार्यांना' होतं आणि नुक्त्याच्या ऱ ने 'आचाऱ्यांना'. पहिल्यांना मानाने पाटावर बसवतात, दुसऱ्यांना किती माणसांचा स्वयंपाक ते सांगतात. पुढच्या अपडेटमध्ये अक्षर दुरुस्त होऊन आलं. मला मात्र चुकल्या-चुकल्यासारखं झालं. त्या फॉन्टच्या नावाने मी निदान दिवाळीपर्यंत तरी बोटं मोडली असती.

या शिस्तीतून मोठी माणसंही सुटलेली नाहीत. उबुंटूच्या दोषनोंदीतला पहिल्या क्रमांकाचा दोष खुद्द उबुंटूचे संस्थापक मार्क शटलवर्थ यांनी २००४ साली नोंदवला होता. बाजारात मायक्रोसॉफ्टचा वाटा सर्वांत मोठा आहे, हा तो दोष. एवढी जगाएवढी तक्रार, पण तीही पायरीपायरीने मांडलेली: आधी जवळच्या कॉम्प्युटरच्या दुकानात जा, मग तिथे काय आढळतं आणि काय आढळायला हवं. २०१३ साली त्यांनीच ती नोंद बंद केली. दुकानातलं दृश्य फारसं बदललं नव्हतं, पण तोवर लोकांचं कॉम्प्युटरचं काम फोनवर गेलं होतं.

सवय अशी, की ती कॉम्प्युटरपाशी थांबत नाही. आमच्या सोसायटीत पाण्याची ओरड जुनी. "पाणीच येत नाही" याच्यापुढे ती कधी सरकली नव्हती. मी एका वहीत तीन रकाने आखले आणि घरोघर फिरवले. बी विंग, चौथा मजला: सकाळी सातला स्वयंपाकघरातला नळ पूर्ण उघडला, धार यायला हवी होती, हवा आली. सगळ्या नोंदी जमल्यावर दिसलं, की ओरड सोसायटीभर असली तरी कोरडे नळ एकाच पाइपवरचे आहेत. प्लंबर गच्चीवर गेला. टाकीवरचा त्या लाइनचा व्हॉल्व्ह अर्धाच उघडत होता. तो बदलला आणि पाणी आलं.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी खालच्या बाकांवर मंडळी जमली, पण बराच वेळ कोणाला काय बोलावं ते सुचेना. शेवटी एकाने लिफ्टचा विषय काढला आणि सगळ्यांचे चेहरे खुलले. मी पिशवीतून वही काढली, तसे शेजारचे काका घाईघाईने म्हणाले, "तुम्ही राहू द्या हो, आम्ही आपलं सहज बोलतोय."