वरातीतला पाहुणा, आघाडीवरचा शिपाई

रायपूरच्या तात्यापाऱ्यात हल्ली वरात निघाली की डोक्यावर ड्रोन घोंघावतो. पूर्वी मंडळी केस सारखे करून वर बघत. आता एखादे आजोबा हळूच विचारतात, "आपलाच आहे ना रे हा?"

आजोबांचं काय चुकलं? शर्यतीसाठी गॉगल लावून उडवायचा एफपीव्ही ड्रोन झाडावर आपटला की हौशी पोरं हळहळायची. युक्रेनच्या आघाडीवर तर आपटणं हीच त्याची नोकरी. हौशी मंडळींनी जगाला फुकट वाटलेली आर्डुपायलट ही ड्रोन चालवणारी प्रणाली १ जून २०२५ ला युक्रेनच्या हल्ल्यात रशियाच्या बॉम्बफेकी विमानांपर्यंत जाऊन पोहोचली. फुकट ते पौष्टिक! डीजेआय या चिनी कंपनीने एप्रिल २०२२ मध्येच रशिया आणि युक्रेनमधला धंदा थांबवला होता. ड्रोन मात्र थांबले नाहीत.

आणि आम्ही? टीव्हीवर स्फोट बघून "अरेरे" म्हणतो आणि पुढच्याच दमात कॅमेऱ्याचं कौतुक करतो. इकडे बस्तरच्या जंगलावरही सुरक्षा दलांचे ड्रोन पाळत ठेवतात. त्याच छत्तीसगडात लग्नाच्या पॅकेजमध्येही ड्रोन असतो.