मागची काच

विनिपेग, कॅनडा

ती. आत्याबाई आणि मामांना साष्टांग नमस्कार.

पत्रास कारण की, आमच्या गाडीची मागची काच. बाहेर उणे २५, आत चौघांचे श्वास आणि लेकरांच्या बुटांवरचा वितळता बर्फ. तो सगळा ओलावा गार काचेवर जाऊन बसतो. पुढच्या काचेला गरम हवेचा झोत तरी मिळतो, मागचीला नुसत्या आडव्या बारीक रेघा. बटण दाबलं की त्या तापतात आणि धुकं जातं. आमच्या तीन रेघा तापेनात, त्याही नेमक्या आरशात दिसणाऱ्या.

तुमचे चिरंजीव नांदेडच्या विष्णुपुरीच्या कॉलेजचे इंजिनिअर. त्यांनी आधी फ्यूज बदलला, मग रिले, मग नवीन काचेचा भाव विचारायला निघाले. तेवढ्यात मामांचा व्हिडिओ कॉल आला. उभी हयात विजेच्या खांबांवर गेलेला माणूस! ऐकून घेतलं आणि म्हणाले, "बाकीच्या रेघा तापायलेत ना? मग फ्यूजला कामून छळायलास?" हे गप्प. मला मात्र लगेच उमगलं. लातूरची लेक मी. गंजगोलाईला येणाऱ्या सोळा रस्त्यांपैकी एक बंद पडला तर बाकीच्यांवरची रहदारी थांबते का?

रेघांवरचे व्होल्ट मोजायला मीटर शेजारच्या सरदारजींनी दिला. नांदेडचं नाव ऐकताच त्यांनी हात जोडले, "हजूर साहिब!" आणि मीटरबरोबर पराठेही आले. मामांनी सांगितल्याप्रमाणे मीटरच्या टोकाला अॅल्युमिनियमचा कागद गुंडाळला, रेघ खरवडू नये म्हणून. चांगल्या रेघेच्या मध्यावर सहाच्या आसपास व्होल्ट. बिघडलेल्या रेघेवर बारा, बारा, बारा आणि बोटभर पुढे एकदम शून्य. म्हणजे मधेच चीर. तिन्ही रेघांवर चिरा एकाखाली एक, जणू पट्टी धरून मारलेल्या.

आता तुमच्यापासून काय लपवायचं? त्या जागी मी आमच्या लातूरच्या एमएच-२४ चा स्टिकर चिकटवला होता. तो यांनी ब्लेडने खरवडून नांदेडचा एमएच-२६ लावला. आयुक्तालय लातूरला की नांदेडला हा वाद मराठवाड्यात मिटला नाही तो नाहीच, पण विनिपेगच्या काचेपर्यंत यावा?

दुरुस्ती सोपी निघाली. चिरेच्या वरखाली चिकटपट्टी लावून मधे चांदीमिश्रित रंगाचा ब्रश फिरवायचा. पण या थंडीत तो वाळेना, म्हणून हे माझा केस वाळवायचा ड्रायर घेऊन डिकीत बसले. फोटो पाठवते, मामांना दाखवा.

सरदारजी पुढच्या महिन्यात नांदेडला दर्शनाला येणार आहेत. त्यांच्याकडे येसर द्या, तुमच्या हातचं. आणि त्या पिशवीवर कुठल्याही जिल्ह्याचं नाव घालू नका.

तुमची सून