जिल्हा फोडणारे गुरुजी

पुणे जिल्ह्याचे दोन तुकडे करायला आमच्या भोसरीत सरकार लागत नाही. संध्याकाळी सहाला गुरुजी अमृततुल्यात येऊन बसले, की साडेसहापर्यंत जिल्हा फुटलेला असतो.

गुरुजी जिल्हा परिषदेच्या शाळांतून केंद्रप्रमुख म्हणून निवृत्त झाले. पांढरा शर्ट, खिशाला दोन पेनं, एक निळं आणि एक लाल, तपासायचं. काखेतल्या कापडी पिशवीत जिल्ह्याचा नकाशा. घड्या घालून घालून राजगुरुनगर झिजलंय, तिथे चिकटपट्टी आहे. चहा आला की ते आपला ग्लास बाकावर ठेवतात, दुसऱ्याचाही उचलायला लावतात आणि नकाशा पसरतात.

"हिशेब साधा आहे," हे त्यांचं पहिलं वाक्य. चौदा तालुके, २०११ च्या जनगणनेला ९४ लाख माणसं. मग निळ्या पेनाने जुन्नर, आंबेगाव, खेड, मावळ आणि पिंपरी-चिंचवड यांना एक वेढा. नाव शिवनेरी. आमदार महेश लांडगेंनीही याच नावाच्या जिल्ह्याची मागणी केली, तेव्हा गुरुजींना आनंद झाला आणि थोडा रागही आला. "करू दे. आपली मागणी त्यांच्या आधीची आहे."

त्यांची तळमळ मात्र खरी. उमेदीची वर्षं घाटघरच्या बाजूला, जुन्नर तालुक्याच्या पार टोकाला गेली. पगाराच्या फरकाचा एक कागद पुढे सरकवायचा तर पहाटेची एसटी धरून शंभराहून जास्त किलोमीटरवरच्या पुण्याला जायचं, आणि साहेब दौऱ्यावर असले की तसंच परत. "नाणेघाटात उभं राहिलं की खाली ठाणे जिल्हा दिसतो हो. आपलाच जिल्हा दिसत नाही!"

पुरावे तोंडपाठ. राज्य झालं तेव्हा २६ जिल्हे होते, आज ३६. "दहा झाले, अकराव्यालाच का कळा?" आपल्या गाड्यांवर एमएच चौदा, म्हणजे आरटीओला कळलं. १५ ऑगस्ट २०१८ ला पिंपरी-चिंचवडला स्वतंत्र पोलीस आयुक्तालय झालं, म्हणजे पोलिसांनाही कळलं. राहिले फक्त कलेक्टर. पालघर ठाण्यातून वेगळं झालं ते १ ऑगस्ट २०१४ ला, म्हणून दर १ ऑगस्टला गुरुजी सकाळी लोकमान्यांच्या फोटोला हार घालतात आणि संध्याकाळी पालघरच्या नावाने आम्हाला पेढा देतात. १ मे आणि १५ ऑगस्टला, आज तरी घोषणा होईल म्हणून, टीव्हीसमोरून उठत नाहीत. काकू म्हणतात, "अहो, आधी एवढी गवार मोडा, मग जिल्हा मोडा."

बाकावर विरोधकही आहेत. त्यातला एक तरुण शिक्षक आंबेगावात नोकरीला, बायको दौंडच्या शाळेत. जिल्हा परिषद फुटली की शिक्षकांची ज्येष्ठता यादीही फुटणार. आज बायकोजवळ जायचं तर जिल्ह्यातली बदली, उद्या ती आंतरजिल्हा. म्हणजे सेवाज्येष्ठता पुन्हा शून्यापासून. "गुरुजी, तुमच्या त्या निळ्या रेषेवर माझा संसार आहे!" गुरुजींनी बराच वेळ नकाशा न्याहाळला आणि दौंडकडे पेन नेऊन पाहिलं. पण मध्ये शिरूर येतं. शेवटी म्हणाले, "पती-पत्नी एकत्रीकरणाची अट घालू."

ऑगस्ट २०२५ मध्ये अजित पवार भल्या सकाळी चाकणच्या कोंडीची पाहणी करायला आले आणि जिल्ह्यात आणखी तीन महापालिका कराव्या लागतील म्हणाले. त्यात चाकणचं नाव! त्या संध्याकाळी गुरुजी उशिरा आले, लाल पेन काढून. महापालिका झाली की आसपासच्या गावांच्या शाळा जिल्हा परिषदेकडून जाणार. १९९७ साली मोशी, चिखली, चऱ्होली पिंपरी-चिंचवडमध्ये गेली तेव्हाचं त्यांना सगळं आठवतं. "जिल्हा व्हायच्या आधीच जिल्हा परिषदेला भोक पाडताय का?" फोडाफोडीला त्यांनी विरोध केलेला मी तेव्हा प्रथमच ऐकला.

एका प्रश्नावर मात्र त्यांची गाडी चाकणच्या तळेगाव चौकातल्या ट्रकसारखी अडकते. मुख्यालय कुठे? जुन्नरकर म्हणतात, शिवनेरी जिल्हा आणि मुख्यालय शिवनेरीखाली नाही? खेडवाले म्हणतात, राजगुरुनगर मध्यावर. भोसरीकरांना मोशी हवी. मावळातला एक जण तर नावावरच अडतो: "लोहगड काय लहान आहे?" आणि लोणावळ्याच्या माणसाने जुन्नरला जाण्यापेक्षा लोकलने पुणं गाठलेलं काय वाईट? गुरुजी शांतपणे नकाशाची घडी घालतात. "तो तपशील आहे. आधी तत्त्व मान्य करा."

गेल्या दिवाळीत त्यांचे दोन्ही मुलगे गावच्या जमिनीचं बोलायला आले. मी फराळाला गेलो होतो, चकली हातात घेऊन अडकलो. साडेतीन एकर, सातबारा एकच. धाकट्याने वहीच्या कागदावर आकृती काढली, मधोमध निळी रेघ मारली आणि म्हणाला, "अण्णा, हिशेब साधा आहे."

गुरुजी ताडकन उठले. तुकडे करून आजवर कुणाचं भलं झालंय? एकत्र आहे म्हणून पत आहे, बँक दारात उभी करते! मग चष्मा लावून कागद जवळ ओढला, रेघेवरून बोट फिरवलं आणि मध्येच थांबले.

"आणि विहीर? विहीर कुणाकडे?"

"अण्णा," थोरला म्हणाला, "तो तपशील आहे."